तरंगतं ते सगळंच नौका असतं का?

मुलांनो, गेल्या आठवड्यात टोमॅटो फळ की भाजी यावरून आपण बराच वाद घातला. या आठवड्यात वाद घालायचाय तो पाण्यावर! आधी पेन्सिल घ्या. खाली नऊ गोष्टी दिल्या आहेत. त्यांतल्या ज्या तुम्हांला ‘नौका’ वाटतात त्यांच्यापुढे बरोबरची खूण करा, बाकीच्यांपुढे फुली. घरातल्या मोठ्यांना विचारायचं नाही. आणि खाडाखोड करायची ती लेख वाचून झाल्यावरच.

१. दोन वल्ह्यांची लहानशी होडी
२. हवेच्या गादीवर चालणारं हॉवरक्राफ्ट
३. पाण्यावर उतरणारं, पाण्यावरूनच उडणारं सी-प्लेन
४. संकटात सापडून नदीत उतरवलेलं साधं प्रवासी विमान
५. बंदरात साखळीनं बांधलेला, वाट दाखवणारा बोया
६. समुद्रातली तेलविहीर खोदणारी रिग
७. पाण्यावर तरंगणारं लाकडी घर
८. पाण्यावरची स्कूटर, म्हणजे जेट स्की
९. गुळाची काहील

झालं? आता सांगा, खूण करताना तुम्ही काय पाहिलंत? बहुतेकांनी रूप पाहिलं असणार. पुढे टोकदार तोंड, मध्ये डोलकाठी, नाहीतर मागे भुर्रभुर्र करणारं इंजिन. ‘बोटीसारखी दिसते ती बोट’ असा आपला सरळ हिशेब. समुद्रावरच्या नियमांत मात्र रूपाला फारशी किंमत नाही. तिथे पहिला प्रश्न असतो, ‘बाई गं, तू काम काय करतेस?’

भांडं आणि नौका

आपल्या मराठीत पाण्यावरच्या वाहनांना नावं तरी किती! होडी, मचवा, पडाव, गलबत, लाँच, बार्ज, जहाज. प्रत्येकाचा आकार वेगळा, काम वेगळं. पण कायदा लिहायचा तर या सगळ्यांना कवेत घेणारा एकच शब्द हवा. इंग्रजीत तो शब्द आहे ‘व्हेसल’. आपण त्याला ‘नौका’ म्हणू.

आता गंमत बघा. इंग्रजीत ‘व्हेसल’ म्हणजे भांडंसुद्धा! आत काहीतरी मावतं, ठेवता येतं, ते भांडं. आणि आत माणसं किंवा माल ठेवून पाण्यावरून नेता येतो, ती नौका. म्हणजे नौका हे एक प्रकारचं प्रवासाला निघालेलं भांडंच झालं की! हे लक्षात ठेवा, काहिलीच्या वेळी उपयोगी पडेल.

नियम काय म्हणतो?

समुद्रावर ना रस्ता, ना सिग्नल, ना चौकातला पोलीसमामा. समोरून येणाऱ्या जहाजावरच्या लोकांची भाषाही वेगळी असू शकते. मग कुणी कुणाला वाट द्यायची? यासाठी बऱ्याच देशांनी एकत्र बसून लंडनमध्ये २० ऑक्टोबर १९७२ रोजी एक नियमावली मंजूर केली. तिचं नाव ‘समुद्रावरील टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम’. १५ जुलै १९७७ पासून ती लागू झाली. आपला भारतही त्यात आहे. खुला समुद्र आणि त्याला जोडलेलं, समुद्रातली जहाजं जाऊ शकतील असं सगळं पाणी, एवढी त्या नियमांची हद्द.

त्यातल्या तिसऱ्या नियमात शब्दांचे अर्थ दिले आहेत आणि पहिलाच शब्द आहे नौका. आपल्या भाषेत सांगायचं तर : पाण्यावरून वाहतुकीसाठी वापरलं जाणारं, किंवा वापरता येण्याजोगं, कोणत्याही प्रकारचं जलवाहन म्हणजे नौका.

लांबी किती हवी? लिहिलेलं नाही. इंजिन हवं? नाही. लाकडाची की लोखंडाची? काही अट नाही. म्हणजे तीनशे मीटर लांबीचं मालवाहू जहाजही नौका आणि आपली दोन वल्ह्यांची होडीही नौका. पहिल्या क्रमांकापुढे बरोबरची खूण केलेल्यांनी स्वतःची पाठ थोपटून घ्यावी.

पाण्याला न टेकणारी नौका

साधी बोट तरंगते कशी? स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून. आर्किमिडीजचा हा नियम तुम्ही शिकलात किंवा शिकाल. पण हॉवरक्राफ्ट तसं तरंगत नाही. त्याचे पंखे खाली जोरात हवा ढकलतात आणि त्या हवेच्या गादीवर ते चालतं. मग ते पाण्यावरचं की हवेतलं? नियमांनी वाद मिटवून टाकला : पाणी बाजूला न सारणारी वाहनंही नौकाच. आपल्या तटरक्षक दलाकडे अशी हॉवरक्राफ्ट आहेत. वारा आला की हॉवरक्राफ्ट तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे असं तिरकं सरकू शकतं. त्यामुळे त्याच्या दिव्यांवरून लांबच्या माणसाची फसगत होते. म्हणून ते हवेच्या गादीवर चालत असताना त्यानं एक जादा, उघडझाप करणारा पिवळा दिवा लावायचा असतो.

सी-प्लेनचंही तसंच. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी गुजरातमध्ये केवडिया ते अहमदाबादची साबरमती अशी सी-प्लेनची सेवा सुरू झाली होती. पुढे ती बंद पडली, पण फोटो तुम्ही पाहिले असतील. असं विमान आकाशात असेपर्यंत विमान. समुद्राच्या पाण्याला टेकलं, की त्याला नौकेचे नियम लागू. आणि नियम सांगतो, की पाण्यावर असताना त्यानं साधारणपणे बाकी सगळ्या नौकांपासून चांगलं लांब राहावं. नवीन पाहुणा, त्यातून लांब पंखांचा. तेव्हा त्यानंच अंग चोरून चालायचं!

एक तिसरं वाहन तर याहून अजब. ते पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून उडतं. पंख आणि पाणी यांच्यामध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा त्याला आधार मिळतो. १९७२ साली नियमांत त्याचं नाव नव्हतं. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि २९ नोव्हेंबर २००३ पासून तेही नौकांच्या यादीत आलं. म्हणजे बघा, माणूस नवं वाहन बनवतो आणि मागून नियम धावत येतो.

आता चौथा क्रमांक. १५ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कहून निघालेल्या एका प्रवासी विमानावर पक्ष्यांचा थवा आदळला. दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकानं विमान हडसन नदीत उतरवलं. विमान काही वेळ तरंगत राहिलं, प्रवासी पंखांवर येऊन उभे राहिले आणि आजूबाजूच्या फेरीबोटींनी धाव घेतली. १५५ पैकी १५५ माणसं वाचली! पण ते विमान नौका झालं का? नाही. नियमांत सी-प्लेन म्हणजे ‘पाण्यावर हालचाल करण्यासाठी बांधलेलं विमान’. हे बिचारं नुसतंच तरंगत होतं. त्याला वळवता येत नव्हतं, थांबवता येत नव्हतं. तरंगणं वेगळं आणि पाण्यावरून नेणं वेगळं.

एका जागी उभी असलेली मंडळी

बोया तर जन्मभर तरंगतो. लाटांवर डुलतो, दिवा लुकलुकवतो. पण तो कुणाला कुठे नेत नाही. एका जागी राहणं हेच त्याचं काम. तो सुटून वाहत गेला तर उलट पंचाईत! म्हणून बोया नौका नाही.

रिगची गोष्ट मात्र मजेदार आहे. आपल्या मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात ‘बॉम्बे हाय’ हे तेलक्षेत्र आहे. तिथली पहिली विहीर १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगनं खोदली. या जातीच्या रिगला लांबलचक पाय असतात. पाय वर घेतलेले असताना ती तरंगते आणि टग तिला ओढून नेतात. त्या वेळी ती नौका असते. ठरलेल्या जागी पोचली, की पाय समुद्राच्या तळाशी रोवून ती स्वतःला पाण्याच्या वर उचलून घेते. आता ती प्रवास करत नाही, तरंगतही नाही. आता ती समुद्रातली इमारत! अशा इमारतीभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षेची हद्द आखता येते. वस्तू तीच, सकाळी नौका, संध्याकाळी इमारत. म्हणून सहाव्या क्रमांकापुढे बरोबरची खूण केलेलेही पास आणि फुली मारलेलेही पास. पण कारण सांगता आलं तरच हं!

कोर्टात गेलेलं घर

आतापर्यंत आपण टकरी टाळण्याचे नियम पाहिले. पण ‘नौका’ हा शब्द दुसऱ्याही कायद्यांत येतो, आणि तिथे त्याच्या अर्थावरून एखाद्याचं घरही जाऊ शकतं. खरंच तसं झालं.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात रिव्हिएरा बीच नावाचं शहर आहे. तिथल्या धक्क्याला एका गृहस्थाचं तरंगतं लाकडी घर बांधलेलं होतं. साधारण ६० फूट लांब, १२ फूट रुंद. साध्या घरासारखी दारं-खिडक्या. इंजिन नाही, सुकाणू नाही. हलवायचं तर दुसऱ्या बोटीनं ओढून न्यावं लागे. धक्क्याच्या भाड्यावरून शहराशी भांडण झालं. शहर म्हणालं, ही नौका आहे, तेव्हा जहाजांचा कायदा लावा. खालच्या दोन्ही कोर्टांनी ते मान्य केलं. घराचा लिलाव झाला, शहरानंच ते विकत घेतलं आणि मोडून टाकलं.

तो गृहस्थ काही गप्प बसला नाही. खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथल्या कायद्यातही नौकेची व्याख्या जवळजवळ अशीच आहे : पाण्यावरून वाहतुकीसाठी वापरलेली किंवा वापरता येण्याजोगी वस्तू. जानेवारी २०१३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला : हे घर नौका नाही! न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं, की ‘वापरता येण्याजोगी’ याचा अर्थ वाट्टेल तसा ताणू नका. तसं म्हटलं तर लाकडी टब, प्लास्टिकचं घमेलं, बिजागरीवरून काढलेलं दार, एवढंच काय, लाकडी बाहुला पिनोकिओसुद्धा नौका ठरेल. शहाण्या माणसानं ती वस्तू पाहिली, तर माणसं किंवा माल पाण्यावरून नेण्यासाठी ती केली आहे असं त्याला वाटेल का, हे पाहा.

निकाल त्या गृहस्थाच्या बाजूनं लागला, पण तोवर घर कुठे उरलं होतं? एका शब्दाचा अर्थ उशिरा ठरला, म्हणजे काय होतं ते बघा.

नुसतं गोल गोल फिरणं

आता याच्या उलट गोष्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथ गाव आहे. २००४ मध्ये तिथल्या समुद्रात एकानं आपली जेट स्की दुसऱ्या जेट स्कीवर आदळवली. त्या दुसऱ्या माणसाला गंभीर इजा झाली. जहाजांच्या कायद्याखाली खटला झाला, शिक्षाही झाली. पण २००५ मध्ये वरच्या कोर्टानं ती रद्द केली. कारण? त्या कायद्यात ‘नौकानयनासाठी वापरलेली’ असे शब्द होते. आणि कुठेही जायचं नसताना मजेसाठी पाण्यावर इकडून तिकडे फिरणं म्हणजे नौकानयन नव्हे, असं कोर्टानं ठरवलं.

इजा खरी, वेदना खऱ्या. पण कायद्याच्या जाळ्याला नेमकं तिथेच भोक. ते बुजवायला २०२३ साल उजाडलं. ३१ मार्च २०२३ पासून ब्रिटननं जेट स्कीसारखी वाहनं स्पष्टपणे या कायद्याखाली आणली. टकरी टाळण्याच्या नियमांची व्याख्या मुळातच रुंद आहे, तिच्यात जेट स्की सहज मावते. ती तशी रुंद का ठेवली, ते या गोष्टीवरून कळेल.

काहिलीचं काय करायचं?

राहिली आपली काहील. हसू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये केरळातल्या अलप्पुळा जिल्ह्यात सगळीकडे पाणी भरलं होतं. लग्नाचा मुहूर्त तर टळायला नको! तेव्हा नवरा-नवरी स्वयंपाकाच्या एका मोठ्या भांड्यात बसून पाण्यातून देवळात पोचली. आपल्याकडेही पुराच्या वेळी गुळाची काहील अशी कामाला आलेली आहे. आता ही नौका की भांडं?

इथे एका शब्दाची करामत पाहा. आपल्या देशाच्या भारतीय न्याय संहितेत (२०२३) नौकेची व्याख्या अशी आहे, की माणसं किंवा माल पाण्यावरून नेण्यासाठी ‘बनवलेली’ वस्तू. काहील बनवली कशासाठी? गूळ करण्यासाठी. म्हणजे या व्याख्येत ती बसत नाही. टकरी टाळण्याच्या नियमांत मात्र शब्द आहेत ‘वापरलं जाणारं किंवा वापरता येण्याजोगं’. कुणी काहील वल्हवत खाडीत माणसं नेऊ लागला, तर तिला नौका म्हणण्याच्या बाजूनं बोलता येईल. पण ‘ती मुळात जलवाहन तरी आहे का?’ असं समोरचा विचारणारच. वकील दोन्हीकडे मिळतील! नवव्या क्रमांकाचं उत्तर म्हणूनच तुमच्यावर सोडते. फक्त कारण लिहा.

पण एक गोष्ट मात्र वादाची नाही. नौका ठरणं आणि सुरक्षित ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या भिवधानोरा गावची मुलं जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेला जातात, अशी बातमी २०२३ मध्ये आली होती. उच्च न्यायालयानं तिची दखल घेतली. थर्माकोलला काय म्हणायचं हा तिथे प्रश्नच नव्हता. तुमच्याएवढ्या मुलांना शाळेसाठी त्याच्यावर बसावं लागतं, हा प्रश्न होता.

नाव मिळालं, काम लागलं

तुम्ही म्हणाल, बाई, एवढा काथ्याकूट कशासाठी? नौका म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय!

फरक आहे. एकदा का तुम्ही नौका ठरलात, की कर्तव्यं मागे लागतात. त्यातलं पहिलं, सगळ्यांना सारखं : पाचवा नियम. प्रत्येक नौकेनं सदैव, डोळ्यांनी आणि कानांनी, नीट पहारा ठेवायचा. ‘प्रत्येक’ म्हणजे प्रत्येक. ‘माझी होडी लहान आहे, मोठं जहाज बघून घेईल’ असं चालत नाही. उलट, अरुंद मार्गात २० मीटरपेक्षा लहान नौकेनं, त्याच मार्गातून सुरक्षित जाऊ शकणाऱ्या मोठ्या जहाजाला अडथळा करायचा नाही, असाही नियम आहे. मोठं जहाज स्कूटरसारखा करकचून ब्रेक मारू शकत नाही ना!

दुसरं कर्तव्य, दिसण्याचं. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत दिवे लावायचे. इंजिनानं चालणाऱ्या नौकेला डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, शिवाय पांढरे दिवे. मग आपल्या वल्ह्यांच्या होडीनं एवढे दिवे आणायचे कुठून? नियमांनी तिचाही विचार केला आहे. तिला ते दिवे जमत नसतील, तर पांढऱ्या उजेडाची एक बॅटरी किंवा पेटता कंदील हाताशी तयार ठेवायचा आणि टक्कर टाळता येईल इतक्या आधी दाखवायचा. जगातल्या देशांनी लंडनला बसून केलेल्या नियमात एका होडीवाल्याच्या हातातल्या कंदिलालाही जागा आहे! मला तर ही सगळ्यांत आवडलेली गोष्ट.

हे नियम पुस्तकात राहिले, तर काय होऊ शकतं? १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. १५ जणांचे प्राण गेले. त्यांत लहान मूलही होतं. कोण कुठे चुकलं हे ठरवणं चौकशी करणाऱ्यांचं काम, आपलं नाही. आपण एवढंच लक्षात ठेवू, की प्रवासी लाँच असो, नौदलाची बोट असो, मच्छीमाराचा मचवा असो की सुट्टीत भाड्यानं घेतलेली जेट स्की, नियमाच्या वहीत सगळ्यांचं नाव एकच आहे. आणि त्या नावाबरोबर येणारं काम एकच : समोरच्याला बघा आणि समोरच्याला दिसा. आणि तुम्ही नुसते प्रवासी असलात, तरी लाइफ जॅकेट नीट बांधून बसा. ‘दहा मिनिटांचं तर आहे’ असं म्हणून ते मांडीवर ठेवू नका.

उत्तरं पडताळा

टकरी टाळण्याच्या नियमांप्रमाणे : १, २, ३ आणि ८ नौका. ४ आणि ५ नौका नाहीत. ६ तरंगत असताना नौका, पाय रोवल्यावर नाही. ७ वरचा निकाल अमेरिकेतल्या दुसऱ्या कायद्याखालचा आहे आणि तो त्या एका घराचा. सुकाणू आणि इंजिन असलेली, प्रवास करणारी हाउसबोट मात्र बिनधास्त नौका! ९ तुमच्या वहीत, कारणासकट.

पुढच्या आठवड्यापर्यंतचा प्रश्न

जून २०२२ मध्ये ‘मेफ्लॉवर’ नावाची एक बोट इंग्लंडहून अटलांटिक महासागर ओलांडून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला पोचली. तिच्यावर एकही माणूस नव्हता. सगळं काम संगणक आणि कॅमेऱ्यांचं. नौकेच्या व्याख्येत माणसाचा उल्लेख नाही, हे तुम्ही पाहिलंतच. पण पाचव्या नियमात डोळे आणि कान आहेत! मग ती नौका झाली, तर पहारा कुणी ठेवायचा? आणि चूक झाली, तर जाब कुणाला विचारायचा?

दोन गट करा, वर्गात वाद घाला. आवाज चढला तरी चालेल, फक्त शेजारच्या वर्गाचा तास चालू नसेल तेव्हा!